पोटावरची चरबी जाते कुठे?

रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवर एकेकाळी वजनाचे एक यंत्र उभे असे. त्यात रंगीत दिवे लुकलुकत, एक चाक गरगर फिरे आणि नाणे टाकले की खडखड आवाज होऊन जाड पुठ्ठ्याचे इवलेसे तिकीट बाहेर पडे. तिकिटाच्या एका बाजूला आपले वजन आणि दुसऱ्या बाजूला आपले भविष्य! आम्हां मुलांना गोडी भविष्याची. वडीलधारी माणसे मात्र वजन वाचत आणि ते वाढलेले नसले की समाधानाने तिकीट खिशात घालत. आज वाटते, त्या तिकिटाच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच भरवशाच्या होत्या.

विद्यार्थिमित्रांनो, वजनकाटा खोटे बोलतो असे मला म्हणायचे नाही. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने तसे म्हणणे शोभणारही नाही. पृथ्वी आपल्याला किती बलाने ओढते, एवढे तो इमानेइतबारे सांगतो. चूक आपली आहे. आपण त्याला विचारतो, "माझी प्रकृती कशी आहे?" आणि या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नाही. ही चूक मी स्वतः वीस वर्षे केली, म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

माझी उंची १६८ सेंटिमीटर. तीन वर्षांपूर्वी माझे वजन ६४ किलो होते, म्हणजे कोष्टकात अगदी बसणारे. नातेवाईक मला 'काटक' म्हणत आणि मलाही ते खरे वाटे. एका रक्ततपासणी शिबिरात सहज म्हणून बोट पुढे केले, तर रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. काहीतरी घोटाळा असावा असे समजून मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला वजनकाट्यावर उभे केलेच नाही. खिशातून शिंप्याची टेप काढली, बेंबीच्या पातळीवर माझ्या पोटाभोवती गुंडाळली आणि म्हणाले, "चौऱ्याण्णव. काट्याला काय विचारता? हे पाहा!"

हात काडीसारखे, पाय काडीसारखे आणि मध्ये सदऱ्याआड लपलेली घागर! अशी माणसे तुम्ही रोज पाहता. आमच्या शिक्षककक्षात निम्मेअधिक तशीच आहेत. या शरीरयष्टीचा पद्धतशीर अभ्यास आपल्या महाराष्ट्रातच झाला आहे, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बालके लहानखुरी असतात हे कोणीही सांगेल. नवल पुढेच आहे. आपल्या बालकांत स्नायू आणि पोटातील अवयव बरेच कमी भरले, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ दिसायला हडकुळे, पण आतून चरबीची शिल्लक राखून जन्माला आलेले. 'बारीक तरी स्थूल' असे या बांध्याचे वर्णन आता जगभर केले जाते.

पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक गमतीदार छायाचित्र छापून आले. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्याला शरीरवस्तुमान निर्देशांक म्हणतात. दोघांचाही तो निर्देशांक नेमका २२.३. काट्याच्या लेखी दोघे सारखेच. पण शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के निघाले! शास्त्रज्ञाने स्वतःच्याच पोटाला नमुना म्हणून जगापुढे ठेवावे, याला मोठे मन लागते.

पोटावरची चरबी दोन ठिकाणी असते. चिमटीत येते ती त्वचेखालची. चिमटीत न येणारी असते ती आतड्यांभोवती आणि यकृताच्या आसपास, आणि खरी उपद्रवी तीच. तिच्यातून मेदाम्ले व अन्य काही रासायनिक द्रव्ये रक्तात उतरतात, यकृतातही चरबी साठू लागते आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासे होते. मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांची वाट इथूनच जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक वजनावरून लठ्ठ ठरतात, पण पोटाच्या घेरावरून ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधली वजाबाकी करून पाहा. ती माणसे माझ्यासारखीच, खिशात चांगल्या वजनाचे तिकीट बाळगणारी आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, एखाद्याची एक किलो चरबी कमी झाली. ती गेली कुठे? हा प्रश्न मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात विचारतो. उत्तरे ठरलेली: "घामावाटे गेली", "शौचावाटे गेली", "तिचे स्नायू झाले", आणि हुशार मुलांचे लाडके उत्तर, "सर, तिचे ऊर्जेत रूपांतर झाले."

हे शेवटचे उत्तर ऐकायला शास्त्रीय वाटते, म्हणून जास्त घातक. वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते हे आइन्स्टाइनने दाखवून दिले, पण त्याचा हिशेब तरी करा. एक किलो वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग म्हणजे ९ वर सोळा शून्ये इतके ज्यूल. १९४५ साली हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या सुमारे चौदाशे पट ऊर्जा! एका मलकापूरकराने महिनाभर चालून एक किलो चरबी अशा रीतीने 'ऊर्जेत रूपांतरित' केली, तर मलकापूर राहणार नाही, नांदुरा राहणार नाही आणि शेगाव-खामगावकरांनीही आमची आशा सोडावी. चरबी जळते तेव्हा वस्तुमानात पडणारी खरी घट किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमहूनही कमी असते. बाकी सारे वस्तुमान जसेच्या तसे शिल्लक राहते. मग ते असते कुठे?

रसायनशास्त्राच्या पुस्तकात ज्वलनाचे समीकरण असते, तेच इथे लावायचे. मानवी चरबीच्या सरासरी रेणूत कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू धरतात. हा एक रेणू पुरता जळण्यासाठी ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डाय-ऑक्साइडचे ५५ व पाण्याचे ५२ रेणू तयार होतात. वहीत दोन्ही बाजूंचे अणू मोजा. एकही हरवत नाही. वस्तुमानांचा हिशेब केला तर एक किलो चरबीसाठी सुमारे २.९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो आणि सुमारे २.८ किलो कार्बन डाय-ऑक्साइड व १.१ किलो पाणी बाहेर पडते. रूबेन मीरमन हा पदार्थविज्ञानाचाच माणूस. त्याने अँड्र्यू ब्राउन या जीवरसायनशास्त्रज्ञासह २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा हिशेब आणखी पुढे नेला. चरबीतला अणू न् अणू कुठे जातो याचा माग काढला, तर १० किलो चरबीपैकी ८.४ किलो श्वासावाटे वायूच्या रूपाने जाते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे चरबी बाहेर पडण्याचा मोठा दरवाजा आपले नाक आहे! त्या दोघांनी हाच प्रश्न काही डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना व व्यायामशिक्षकांना विचारला होता. त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर आमच्या अकरावीच्या हुशार मुलांसारखेच होते.

"मग सर, नुसताच जोरजोराने श्वास सोडला तर?" हा प्रश्न हमखास येतो. बसची धूर सोडणारी नळी रुंद केली म्हणून डिझेल जास्त जळत नाही. आधी इंजिनाने काम करावे लागते. काम न करता भराभर श्वास घेतल्यास रक्तात असलेला कार्बन डाय-ऑक्साइड तेवढा कमी होतो आणि चक्कर येते. चरबी जागच्या जागी.

घामाचे प्रकरण याहून मजेदार आहे. मलकापूरच्या उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या आसपास फिरतो. घामाने चरबी जात असती, तर मे महिन्याच्या अखेरीस आमच्या गावात एकही पोट सुटलेला माणूस दिसला नसता. एका विद्यार्थ्याने मात्र यावर मला चांगलेच पेचात पकडले. तो म्हणाला, "सर, एक लिटर घामाची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. बाष्पनाचा अप्रकट उष्मा तुम्हीच शिकवला. ही उष्णता शरीरातूनच जाते ना? मग तेवढी चरबी जळायलाच हवी!" मला उत्तर सुचायला एक रात्र लागली, आणि ते घरच्या माठाने दिले. माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि माठ गार होतो. माठाने कोणती चरबी जाळली? वाफेसाठी लागणारी उष्णता त्याने स्वतःजवळच्या व भोवतालच्या उष्णतेतून दिली. आपलेही तसेच आहे. हवा ४४ अंशांची आणि त्वचा ३५ अंशांच्या आसपास, म्हणजे उष्णता बाहेरून आत येत असते. शिवाय शरीराने केलेल्या कामातून निर्माण झालेली उष्णता असतेच. ही नको असलेली उष्णता बाहेर टाकण्याची सोय म्हणजे घाम. घाम यावा म्हणून शरीर मुद्दाम इंधन जाळत बसत नाही. पोटाला घट्ट रबरी पट्टा बांधून घाम गाळणाऱ्यांचा तर दुहेरी तोटा होतो. पट्ट्याखाली घामाची वाफ होत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. आणि जे एक-दीड किलो वजन कमी झालेले दिसते ते तांब्याभर पाणी प्याले की परत येते. उन्हाळ्यात हा प्रकार जिवावरही बेतू शकतो. तीच गत पोट गदागदा हलवणाऱ्या यंत्रांची. दही घुसळून लोणी निघते. पोट घुसळून ते निघत नाही.

तेव्हा जाळणे हाच एक मार्ग. आता जाळायचे किती? इथे आमचे शास्त्र जरा निर्दयी आहे.

शुद्ध चरबीत ग्रॅमला सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा असते. शरीरातील मेद ऊतीत पाणीही असते, म्हणून किलोमागे सुमारे ७,७०० किलोकॅलरी धरतात. मलकापूरहून मोताळ्यामार्गे बुलढाण्याला जाताना राजूर घाट लागतो, तो तुमच्यापैकी अनेकांनी एस. टी.तून पाहिला असेल. एकंदर चढ हिशेबापुरता ४०० मीटर धरू. साठ किलोचा माणूस एवढा वर चढला तर त्याची स्थितिज ऊर्जा ६० गुणिले ९.८ गुणिले ४००, म्हणजे २,३५,२०० ज्यूलने वाढेल. किलोकॅलरीत सांगायचे तर अवघी ५६! आपले स्नायू जाळलेल्या इंधनाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याचेच कार्य करतात, बाकीची उष्णता होते, हे आपले भाग्यच म्हणायचे. म्हणून प्रत्यक्ष खर्च सुमारे २२५ किलोकॅलरी. याचा अर्थ, फक्त चढाचा खर्च धरला तर एक किलो मेदासाठी घाट चौतीस वेळा चढायला हवा. वर पोचल्यावर शेगावची कचोरी मिळाली आणि तिच्यात दहा ग्रॅम तेल आहे असे धरले, तर नुसत्या तेलाच्या ९० किलोकॅलरी झाल्या. मैदा आणि सारण वेगळे. दोन कचोऱ्या खाल्ल्या की घाट फुकट चढलो.

माझा स्वतःचा घाट चहाचा होता. दिवसाकाठी सहा कप, कपात दोन चमचे साखर, चमच्यात पाच ग्रॅम. एकूण साठ ग्रॅम साखर, म्हणजे २४० किलोकॅलरी. रोज एक राजूर घाट मी बसल्या जागी गिळत होतो. जेवणात कपात करण्याचा विचार मी कितीदा केला होता. चहा हे खाणे आहे असे मात्र कधी मनातच आले नाही.

हा जमाखर्च माणसाच्या शरीरालाही लागू आहे का, अशी शंका पूर्वी शास्त्रज्ञांनाही होती. १८९० च्या दशकात अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने आणि रोझा या पदार्थवैज्ञानिकाने माणूस मावेल एवढा उष्मामापी बांधला. त्यात माणसाला काही दिवस ठेवायचे. त्याने खाल्लेले अन्न, सोडलेला श्वास, बाहेर टाकलेली उष्णता आणि केलेले कार्य यांची काटेकोर नोंद करायची. जमा आणि खर्च उत्तम जुळले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम जसा वाफेच्या इंजिनाला, तसाच चपातीभाजी खाणाऱ्या माणसालाही लागू पडतो.

तरीही वाण्याच्या वहीसारखा हा हिशेब सरळ नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. इथे खर्च जमेकडे पाहून बदलतो. खाणे फार कमी केले की शरीर काटकसर करू लागते; व्यायाम वाढवला की भूक वाढते. नियम मोडत नाही, पण आकडे हलतात. म्हणून 'अमुक दिवसांत अमुक किलो' अशी हमी देणाऱ्यावर माझा काडीचाही विश्वास नाही.

आपल्याकडे २०१८ च्या सुमारास घरोघरी एक वाद रंगला होता. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, की दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, की दर दोनेक तासांनी थोडे थोडे खा. लग्नाच्या पंगतीत यावरून दोन तट पडलेले मी पाहिले आहेत. माझे मत विचाराल तर घड्याळापेक्षा दिवसाची बेरीज महत्त्वाची. दोनदा जेवल्याने ज्याचा मधला चहा, बिस्किटे, शेव-चिवडा सुटतो त्याची बेरीज कमी होते. थोडे थोडे खाऊन ज्याची वखवख जाते त्याचीही होते. जी पद्धत दहा वर्षे जमेल ती आपली. मात्र मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. आणि सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू घेतल्याने चरबी विरघळते ही समजूत तर सोडूनच द्यावी. चमचा-दीड चमचा मधातून पन्नासेक किलोकॅलरी जमेच्या बाजूला पडतात, इतकेच.

पोटाच्या व्यायामाने पोट उतरते का? १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेरा पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ वेळा उताणे झोपून उठण्याचा व्यायाम केला. आधी आणि नंतर पोट, पाठ व नितंब येथील चरबीच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. पेशी थोड्या लहान झाल्या, पण तिन्ही ठिकाणी सारख्याच! पोटाला काही खास सवलत मिळाली नाही. त्याआधी १९७१ साली टेनिस खेळाडूंचे हात मोजले गेले होते. खेळणाऱ्या हाताचे स्नायू मोठे, पण त्यावरच्या चरबीचा थर दुसऱ्या हाताएवढाच. अलीकडच्या एखाददुसऱ्या लहान प्रयोगाचा कौल थोडा वेगळा आहे, पण त्यावर भरवसा ठेवावा इतका तो बळकट नाही. टाकीच्या कोणत्याही कोपऱ्यातून बादली बुडवा, पाण्याची पातळी सगळीकडे सारखीच खाली जाते.

मग व्यायाम कशाला करायचा, असे तुम्ही म्हणाल. घाटाच्या हिशेबाने मीही तसाच निराश झालो होतो. पण व्यायामाचे खरे काम कॅलरींच्या वहीत दिसत नाही. नियमित चालण्या-पळण्याने आतली उपद्रवी चरबी कमी होते, आणि पुष्कळदा वजन फारसे न उतरताही होते. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर आत ओढून घेऊ शकतो. आणि आपल्या लोकांचे दुखणे मुळात स्नायू कमी असण्याचेच आहे, हे त्या सहा खेड्यांतील बालकांनी दाखवलेच आहे. तेव्हा चालणे हवेच, पण त्याबरोबर जोर-बैठका, विहिरीत पोहणे, पाण्याची कळशी उचलणे, असे स्नायूंना ताण देणारे कामही हवे. आपल्या आजोबा-पणजोबांना यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नव्हता.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला भाग पाडले ती सांगतो. गेल्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला अकरावीची एक विद्यार्थिनी साध्या लंबकाची आवर्तने मोजता मोजता खाली कोसळली. शुद्धीवर आल्यावर कळले, की तीन आठवडे ती एक वेळ जेवत होती आणि सकाळी फक्त गरम पाणी पीत होती. मोबाईलवर कोणीतरी सपाट पोटाचा उपाय सांगितला होता. ती मुळीच लठ्ठ नव्हती. उलट किरकोळच होती. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर रोजचे वजन लिहिलेले होते, दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत. निरीक्षणाच्या अचूकतेबद्दल तिला शाबासकी द्यावी की काय करावे, मला कळेना. ती आणि मी, दोघेही एकाच काट्याला फसलो होतो. त्याने मला चुकीचा दिलासा दिला आणि तिला चुकीची भीती.

वाढत्या वयात वजन वाढलेच पाहिजे. हाडे, स्नायू, रक्त हे सारे वजनच आहे. उपास करणारे शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खाते, म्हणजे 'बारीक तरी स्थूल' हा आपला दोष उपासाने उलट वाढण्याचाच संभव. म्हणून तुमच्या वयात जेवण तोडणे हा उपाय नव्हेच. पोळी-भाकरी, वरण, उसळ, दूध, अंडी जे घरी असेल ते पोटभर खा; गाडीवरचे तळण आणि बाटलीतली गोड पेये कमी करा आणि रोज तासभर मैदानावर घाम गाळा. (घामाने चरबी जात नाही हे खरे, पण मैदानावर घामाशिवाय काही घडतही नाही.)

शिक्षकबंधुभगिनींना दोन गोष्टी सुचवतो. पहिली, वर्गात मुलांची वजने मोठ्याने वाचून दाखवू नका. घरी करण्यासाठी एक साधा प्रयोग द्या. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्यावी, तिची बरोबर मध्यावर घडी घालावी आणि ही दुहेरी सुतळी बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडून, कमरेभोवती गुंडाळावी. टोके जुळली तर ठीक. मध्ये अंतर राहिले तर घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. हा प्रयोग घरातल्या मोठ्या माणसांवर आधी करायला सांगा, कारण खरी गरज तिथे आहे. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही घेराची धोक्याची रेषा मानतात, तीही सांगता येईल.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. दहावी-बारावीच्या वर्गांत अभ्यासक्रम अपुरा राहिला की आपण सर्वप्रथम कोणता तास मागून घेतो? खेळाचा. मीही घेतला आहे, एकदा नव्हे, अनेकदा, आणि त्या तासांत ऊर्जेच्या अक्षय्यतेवरची उदाहरणे सोडवून घेतली आहेत. मुले खिडकीतून रिकाम्या मैदानाकडे पाहत होती. गेल्या वर्षीपासून मी तो तास मागणे बंद केले. माझा अभ्यासक्रम फेब्रुवारीत कसाबसा पुरा झाला, सहकाऱ्यांनी थट्टाही केली.

माझी सुतळी टेबलाच्या खणात आहे. तिच्यावर शाईच्या खुणा आहेत. पहिली ९४ वर, दुसरी ९१ वर, तिसरी ८७ वर. यात चौदा महिने गेले. चहा दोन कपांवर आला, रोज सकाळी तासभर चालणे आणि वीस बैठका सुरू झाल्या, पुढे त्यांच्या चाळीस झाल्या. वजन या काळात फक्त तीन किलोंनी उतरले. काट्यालाच विचारले असते तर मी सहाव्या महिन्यात हा नाद सोडला असता. उंचीच्या निम्मे म्हणजे ८४. ती चौथी खूण अजून व्हायची आहे.